ज्याने मूल पाहिलं त्याने लिहावं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की बारावीची दोन-चार मुलं स्टाफरूमच्या दाराशी घुटमळायला लागतात. आत यायचं असतं, पण बाकीचे शिक्षक बसलेले असतात म्हणून संकोच. मग त्यातलं एखादं धीर करून म्हणतं, "मॅडम, शिफारसपत्राची एक लिंक येईल तुमच्या मेलवर. तुम्ही लिहाल ना?"

मी दादरच्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडची मुलं लालबाग-परळ-शिवडीपासून पार डोंबिवली-कल्याणपर्यंतची. बरीचशी मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळांतून दहावी झालेली. नीट, सीईटी, नाहीतर बीएस्सी या ठरलेल्या वाटा. पण आता दरवर्षी काही मुलांना वेगळी वाट खुणावते: सोनीपतचं अशोका, बंगळुरूचं अझीम प्रेमजी, एखादं नवं खासगी विद्यापीठ, क्वचित थेट अमेरिका. फीचा आकडा कळल्यावर घरात शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, "पण स्कॉलरशिप असते ना?"

असते. ती कशी मिळते, याची आपल्या घरांत असलेली कल्पना मात्र फार जुनी आहे.

आपल्याकडे स्कॉलरशिप म्हणजे परीक्षा. चौथीची आणि सातवीची स्कॉलरशिप माझ्या पिढीतल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्या जाड मार्गदर्शक पुस्तकांवर उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. त्याही आधीची पिढी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीबद्दल आदराने बोलायची. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला ती मिळे. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि ही शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या त्या मुलाला कुणाचं पत्र लागलं नाही, मुलाखत द्यावी लागली नाही. उत्तरपत्रिका बोलली. या पद्धतीत एक मोठा न्याय होता आणि तो मी कमी लेखणार नाही. ज्याच्या पाठीशी कुणी नाही, त्याच्याही पेपरावर तेवढाच नंबर असतो.

खासगी विद्यापीठांची गोष्ट वेगळी. त्यांतही दोन जाती आहेत आणि पालक नेमका तिथेच घोळ घालतात. एका जातीत घरची ऐपत बघतात. अशोका किंवा अझीम प्रेमजी विद्यापीठाची मदत प्रामुख्याने अशी आहे: आधी प्रवेश, मग वडिलांचा फॉर्म सोळा, उत्पन्नाचा दाखला, बँकेची विवरणपत्रं. अमेरिकेत हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगमधली विद्यापीठं तर गुणांसाठी म्हणून एक डॉलरही देत नाहीत; तिथली सगळी मदत गरजेवर. "माझ्या मुलाला अठ्ठ्याण्णव टक्के आहेत, हार्वर्डची मेरिट स्कॉलरशिप मिळेल का?" असं विचारणाऱ्या बाबांना मी हे शांतपणे सांगते, कारण त्यांना ते आजवर कुणीच सांगितलेलं नसतं.

दुसरी जात खऱ्या अर्थाने स्पर्धेची. काही भारतीय खासगी विद्यापीठं बारावीच्या किंवा प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर फीचा चौथा हिस्सा, निम्मी, कधी पूर्ण फी माफ करतात. अमेरिकेत बोस्टन विद्यापीठाची ट्रस्टी शिष्यवृत्ती किंवा व्हँडरबिल्टची कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट शिष्यवृत्ती पूर्ण शिक्षणशुल्काची आहे. व्हँडरबिल्टचीच इंग्रॅम ही समाजकार्याकडे ओढा असलेल्यांसाठी. यांना प्रवेशअर्जाखेरीज आणखी लेखन करून द्यावं लागतं आणि त्याच्या तारखाही लवकरच्या असतात. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे प्रॅक्टिकल आणि प्रिलिमची गडबड. तिथे तोवर दार बंद व्हायला आलेलं असतं.

या दुसऱ्या जातीतल्या मोठ्या शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करणाऱ्या बहुतेक मुलांचे गुण उत्तमच असतात. गुणांनी फक्त उंबरठा ओलांडता येतो. त्यापुढे निवड होते ती मुलाने स्वतः काय लिहिलं आणि त्याच्याबद्दल दुसऱ्याने काय लिहिलं यावर. पहिल्या गोष्टीसाठी मुंबईत आता चिक्कार शिकवण्या आहेत. अंधेरीपासून चर्चगेटपर्यंत काउन्सेलर बसलेत, लाखांत फी घेतात. दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मला ती लिहायची आहे.

आपल्या शाळा-कॉलेजांत दाखला द्यायची रीत आहे, पत्र लिहायची नाही. कपाटात छापील नमुना असतो: अमुक विद्यार्थी आमच्या संस्थेत अमुक साली शिकत होता, त्याची वर्तणूक चांगली होती. क्लार्क नाव भरतो, प्राचार्य सही करतात, गोल शिक्का बसतो. सरकारी कामाला हा कागद पुरतो. पण शिष्यवृत्तीच्या समितीसमोर दिल्ली किंवा बंगळुरूच्या महागड्या शाळेतल्या मुलाबद्दल त्याच्या शिक्षिकेने लिहिलेली दोन पानं असतात. त्याने कोणता प्रश्न विचारून वर्गाचा रोख बदलला, कुठला निबंध तीनदा परत लिहिला, वर्गात मागे पडलेल्या मित्राला कसं सांभाळलं. आणि आमच्या मुलाबद्दल असतं, "वर्तणूक चांगली होती." दोन्ही मुलं तितकीच हुशार असतील. एकाला कुणीतरी पाहिलेलं आहे आणि दुसऱ्याला पाहिल्याचा पुरावा नाही.

हे आमच्या शिक्षकांच्या आळसामुळे होतं असं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. एका तुकडीत शंभरावर मुलं, अशा तीन-चार तुकड्या, वर परीक्षा, पेपर तपासणी, निवडणुकीची कामं. त्यात अमेरिकेच्या अर्जांसाठीचं कॉमन ॲप नावाचं पोर्टल शिक्षकाला विचारतं की या विद्यार्थ्याबद्दल मनात पहिल्यांदा येणारे शब्द कोणते? मग रकाने. बौद्धिक कुवत, लेखन, वर्गातल्या चर्चेतला सहभाग, अपयशाला तो कसा सामोरा जातो, इतरांविषयी त्याला किती कळकळ आहे. प्रत्येकापुढे चढत्या श्रेणीने चौकोन, अगदी शेवटचा 'माझ्या कारकिर्दीतल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक' असा. सर्वांत डावीकडे आणखी एक चौकोन असतो: सांगायला आधार नाही.

वर्गातल्या चर्चेपुढे तो डावीकडचा चौकोन भरताना मला दरवेळी त्रास होतो. शंभर मुलांच्या वर्गात चर्चा कुठून आणायची? मुलाचा दोष नसतो, माझाही नसतो. पण पलीकडे वाचणाऱ्याला फक्त मोकळी जागा दिसते.

अशा वेळी मला चर्नी रोडची बाग आठवते. स्टेशनला लागून असलेली, आज स. का. पाटील उद्यान म्हणून ओळखली जाणारी. कृष्णाजी अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते, संध्याकाळी वाचायला त्या बागेत येत. तिथे त्यांना एक शाळकरी मुलगा रोज पुस्तकात डोकं घालून बसलेला दिसायचा. बागेत मुलं खेळायला येतात. हा वाचायला येत होता. केळुसकरांनी जवळ जाऊन चौकशी केली, मग त्याला पुस्तकं द्यायला लागले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. तो मॅट्रिक झाला तेव्हा समाजसुधारक सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. कॉलेजचं शिक्षण पैशांपायी अडायची वेळ आली, तेव्हा याच गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याचं नाव पोहोचवलं, त्याला महाराजांसमोर उभं केलं. महिन्याला २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बीए. आणि १९१३ मध्ये बडोद्याचीच शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. कोलंबिया तेव्हाही खासगी विद्यापीठ होतं, आजही आहे.

बाबासाहेबांची बुद्धी केळुसकरांनी दिली नाही. ती त्यांची होती, आणि त्यामागे रामजीबाबांचे कष्ट होते. पण त्या बुद्धीबद्दल दुसऱ्या कुणाला तरी ठामपणे सांगू शकेल असा माणूस लागतो, आणि ठामपणे सांगायचं तर आधी पाहिलेलं असावं लागतं. केळुसकर त्या मुलाच्या शाळेतले शिक्षकसुद्धा नव्हते. त्यांचं त्याच्यावर कसलंही कर्तव्य नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, "काय वाचतोस?" की असंच काहीतरी; नेमके शब्द काय होते याला महत्त्व नाही, ते बाकावरून उठून त्याच्याजवळ गेले याला आहे.

मला बाग नाही, प्रयोगशाळा आहे. वर्गात शंभर मुलं असली तरी प्रॅक्टिकलला ती तुकड्या-तुकड्यांनी येतात, आणि तिथे मूल दिसतं.

लालबागची एक मुलगी होती. कांद्याच्या मुळाच्या टोकावर पेशीविभाजन बघायचा प्रयोग आमच्याकडे सगळेच करतात: टोक कापायचं, ॲसिटोकार्मिनने रंगवायचं, काचेखाली दाबायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बघायचं म्हणजे खरं तर जर्नलात पुस्तकातल्या आकृत्या उतरवायच्या. सगळ्यांच्या जर्नलात सगळ्या अवस्था सुबक काढलेल्या असतात. हिच्या जर्नलात लिहिलेलं होतं, "तीन स्लाइड केल्या, एकातही विभाजन दिसलं नाही." खाली जे दिसलं तेवढंच चित्र. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, दिसलं नाही तर काढू कसं?" मग आमच्या लॅब अटेंडंट काकांना जाऊन विचारून आली की मुळं कापली कधी होती. दुपारी, बॅचच्या थोडं आधी. मॅन्युअलमध्ये तर सकाळी कापावीत असं दिलेलं असतं, त्या वेळी विभाजन होणाऱ्या पेशी जास्त सापडतात. हे वाचतं कोण? तिने वाचलं होतं. माझ्याकडून ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणाची छोटी बाटली मागून नेली, घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याच्या बाटलीवर कांदा बसवला, सकाळी कॉलेजला निघायच्या आधी मुळं कापून त्या मिश्रणात टाकली आणि घेऊन आली. त्या दिवशी तिच्या स्लाइडवर गुणसूत्रं दोन टोकांना निघालेली स्वच्छ दिसत होती. तिने अख्ख्या बॅचला बोलावून दाखवली. पहिलं पान मात्र फाडलं नाही. ते रिकामं निरीक्षण आणि हे भरलेलं निरीक्षण, दोन्ही एकामागोमाग जर्नलात राहिलं.

माझं शिफारसपत्र म्हणजे एवढंच होतं. ती हुशार आहे, मेहनती आहे, नम्र आहे, असलं काही मी लिहिलं नाही. कांदा, खिडकी, सकाळ आणि न फाडलेलं पान लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, कारण पाहिलं मराठीत होतं. मग सावकाश इंग्रजी केलं, लहान लहान वाक्यांचं. इंग्रजी भारदस्त नाही म्हणून पत्र लिहायला कचरणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी हेच सांगते. समितीला भाषेचा डौल नको असतो, तो त्यांना ढिगाने मिळतो. त्यांना कळायला हवं असतं की हे मूल एकटं असताना काय करतं.

तिच्या स्वतःच्या निबंधाची कथा वेगळी. ओळखीच्या एका काउन्सेलरने तिला सांगितलं होतं की चाळीवर लिही, सार्वजनिक संडासांवर लिही, आजोबा गिरणी कामगार होते ना, मग १९८२ च्या संपाने घर कसं उद्ध्वस्त झालं ते लिही. ती मसुदा घेऊन आली, चेहरा उतरलेला. "मॅडम, आजोबा माझ्या जन्माआधीच गेले. आणि आमचं घर असं नाहीये." मला फार राग आला, अजूनही येतो. त्या संपात खरोखर घरं उद्ध्वस्त झाली, आमच्या विभागात त्याच्या खुणा आजही आहेत. ते दुःख ज्यांचं आहे त्यांचं आहे. त्याचं साडेसहाशे शब्दांत भांडवल करून एका सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःला दयनीय ठरवावं, हे तिच्या घराला कमीपणा आणणारं आहे. गरिबी सांगायला आर्थिक मदतीचा अर्ज असतो, तिथे खरे आकडे भरावेत, लाज बाळगू नये. गुणवत्तेच्या अर्जात मुलीने आपली बुद्धी सांगावी. तिने मग त्या खिडकीवर लिहिलं: ओट्याशेजारच्या जागेवरून आईशी झालेली वादावादी, कांदा चुकून फोडणीत जाऊ नये म्हणून बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी, आणि शेवटी आईनेच रोज बदललेलं पाणी. वाचताना चाळही दिसत होती, सांगावी लागली नव्हती.

एका भारतीय खासगी विद्यापीठाने तिला मुलाखतीला बोलावलं. ऑनलाइन मुलाखत, घरात आवाज फार म्हणून तिने ती आमच्या प्रयोगशाळेतूनच दिली. तिथल्या प्राध्यापकांनी पहिला प्रश्न विचारला, "कांदा किती वाजता कापायचीस?" ती बाहेर येऊन मला हे सांगत होती तेव्हा हसत होती आणि तिचे हात थरथरत होते.

प्रत्येकाला सांगायला असा कांदा नसतो. इंटिग्रेटेड क्लासची मुलं हे माझं खरं दुखणं आहे. नाव कॉलेजात, मूल दोन वर्षं क्लासमध्ये. हजेरीचा हिशेब कसा जुळतो ते मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. असाच एक मुलगा तयार पत्र घेऊन आला. कुणीतरी लिहून दिलेलं, माझ्या नावाने, माझी फक्त सही हवी होती. त्यात मी त्याला "नैसर्गिक नेता" म्हटलं होतं. मी त्याला याआधी पाहिलंही नव्हतं. मी नाही म्हटलं. तो रडवेला झाला, वाद घातला नाही. क्लासमध्ये शेकडो मुलं, तिथल्या सरांना त्याचं नाव माहीत नाही, फक्त टेस्टमधला रँक माहीत. दोन वर्षांत एकाही मोठ्या माणसाने या मुलाकडे पाच मिनिटं नीट पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या आईवडिलांनी त्यासाठी लाखो रुपये भरले होते.

मी त्याला म्हटलं, दुपारी प्रयोगशाळेत येत जा. आला. आठवडाभर गप्प होता. मग कळलं की त्याला वर्गीकरणाचं वेड आहे, शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी येतात तेव्हा तो तिथे एकटाच जाऊन इतर लहान पाणपक्ष्यांच्या नोंदी करतो, कारण रोहितांकडे सगळेच बघतात. वही दाखवायला त्याला आणखी आठवडा लागला. मी पत्र लिहिलं. त्याला किती दिवसांपासून ओळखते ते खरं लिहिलं आणि वहीबद्दल लिहिलं. त्याला एका अमेरिकी खासगी विद्यापीठाने निम्मं शिक्षणशुल्क देऊ केलं. तो गेला नाही. तिथल्या नामवंत खासगी विद्यापीठांचं नुसतं शिक्षणशुल्कच आता वर्षाला ६०,००० डॉलरच्या पुढे आहे. निम्मं माफ होऊन वर राहणं-खाणं-विमा धरला की उरलेला आकडा त्याच्या वडिलांच्या आवाक्यात नव्हता. ते कर्ज काढायला तयार होते, मुलानेच नको म्हटलं. इथेच प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करतोय. वही चालू आहे.

म्हणून शिष्यवृत्ती देऊ केल्याचं पत्र आलं की मी मुलांना पेढे वाटण्याआधी ते पुन्हा वाचायला लावते. माफी फक्त शिक्षणशुल्काची की वसतिगृहाचीही? मेस? अनामत? दरवर्षी टिकवायला किती सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची सरासरी, लागतो, आणि एका सत्रात घसरला तर संधी आहे की थेट बंद? मुलींच्या पालकांना आणखी एक सांगावं लागतं. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, ती फार चांगली गोष्ट आहे. पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. तिथे प्रवेश घेतल्यावर हे कळलं तर फार उशीर होतो. लालबागच्या मुलीच्या पत्रात पूर्ण शुल्कमाफी होती, वसतिगृह नव्हतं. तिच्या वडिलांनी आणि मी बसून चार वर्षांचा हिशेब मांडला, वसतिगृहासाठी तिने आर्थिक मदतीचा वेगळा अर्ज केला, तो मंजूर झाल्यावरच प्रवेश पक्का केला.

आमच्या कॉलेजात आता आम्ही चार-पाच शिक्षक एक वही ठेवतो. अकरावीपासूनची. प्रॅक्टिकलला, वर्गात, ग्रंथालयात जे दिसलं ते दोन ओळींत, तारखेसकट. कुणी विचारलेला प्रश्न, कुणी वेगळ्या रीतीने सोडवलेलं गणित, कुणी मित्राच्या जर्नलातली चूक दाखवून स्वतःचंही पान परत लिहिलं ते. सगळ्या मुलांचं होत नाही, शंभरांत होणारही नाही. गणिताच्या सरांच्या नोंदी माझ्यापेक्षा चांगल्या असतात, ते मुलांची नेमकी वाक्यं लिहून ठेवतात. यातली बरीच मुलं कुठल्याही शिष्यवृत्तीला अर्ज करणार नाहीत, तरी त्यांच्या नोंदी आहेत.

यंदा माझ्याकडे दोन लिंका आल्या आहेत. एक पत्र लिहून झालं. दुसरा मुलगा डोंबिवलीचा, गुरुवारच्या बॅचचा; वहीत त्याच्याबद्दल गणिताच्या सरांची एक नोंद आहे, माझी एकही नाही. या गुरुवारी मी त्याच्याच टेबलाशी बसणार आहे.